तिसरी सही

माझे वडील वेधशाळेत होते, त्यामुळे आमच्या घरावर जन्मभर विनोद झाले. समोरच्या खिडकीतली काकू दोरीवरचे कपडे काढत ओरडायची, "वहिनी, साहेबांनी आज लख्ख ऊन सांगितलंय म्हणे! मी आपली आधीच कपडे आत घेते." आई हसायची. बाबाही हसायचे. ते म्हणायचे, दहांतले आठ अंदाज बरोबर येतात, पण माणसाला भिजलेले दोन दिवसच लक्षात राहतात.

बाबा गेले त्याला आता सात आठवडे झाले. भेटायला येणारे लोक त्यांना शिस्तीचा माणूस म्हणतात. तत्त्वाचा माणूस म्हणतात. असं कुणी म्हणालं की मी चहा टाकायला आत जाते. त्या शिस्तीबद्दल मला जे माहीत आहे, ते लिहून ठेवायला हवं असं वाटतं. बाबांचा बचाव मला करायचा नाही, आणि आता आरोप करून ऐकणारंही कुणी उरलेलं नाही.

आमच्यावर राज्य करणाऱ्या परक्यांना आमच्याकडे सगळे 'पाहुणे' म्हणत, कारण तीन पिढ्या ते 'आता निघतोच' म्हणत होते. एकदाचे निघाले, तेव्हा जाता जाता त्यांनी किनारा, बेटं आणि पठार या तीन प्रांतांची मोट बांधून त्याला संघराज्य असं नाव दिलं. घटना त्यांच्याकडे लिहिली गेली, त्यांच्याकडेच छापली गेली, आणि आमच्याकडे आली ती कापडी बांधणी होऊनच. सोहळ्यात तिन्ही प्रांतांच्या पुढाऱ्यांना सही करायला पेनं दिली होती. बाबा सांगायचे, सही झाल्यावर पेनं परत घेतली.

त्या घटनेत हवामानाचंही एक कलम होतं. वादळाचा इशारा मिळाला की बंदरावर बावटा चढतो, बावटा चढला की बोटी अडकतात, आणि बोटी अडकल्या की व्यापार अडतो. उद्या किनाऱ्याने खोटंच वादळ सांगून बेटांची कोंडी केली तर? किंवा बेटांनी किनाऱ्याची? म्हणून पाहुण्यांनी उपाय काढला: संयुक्त वेधशाळा, तीन प्रांतांचे तीन अधिकारी, आणि प्रत्येक इशाऱ्यावर तिघांच्या सह्या. एक जरी सही कमी असली तरी बंदर-अधिकाऱ्याने बावट्याला हात लावायचा नाही. परस्पर तारा पाठवायलाही बंदी.

त्याआधी काय होतं? बेटावरचा दीपगृहाचा राखणदार किनाऱ्यावरच्या तारमास्तरला तार करायचा: 'वारा फिरला, होड्या ओढा.' आणि लोक होड्या ओढायचे. शंभर वर्षं असं चाललं होतं. त्याला कायदा नव्हता, म्हणून पाहुण्यांना वाटलं की तिथे काहीच नाही.

वेधशाळा किनाऱ्यावर आमच्या शहरात होती. एका लांबट खोलीत तीन टेबलं, भिंतीवर एकच वायुभारमापक, आणि दाराजवळ माझं टंकलेखनाचं यंत्र. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. बी.ए. झाले होते आणि लग्न ठरेपर्यंत 'वेळ जावा' म्हणून बाबांनी मला तिथे चिकटवलं होतं. बाबा किनाऱ्याचे अधिकारी. बेटांच्या अधिकाऱ्याला मी बेटकाका म्हणायचे. बुटका, चिडका, सतत सुपारी कातरणारा माणूस. आणि पठाराचे डोंगरकाका. त्यांच्या प्रांताला समुद्रच नव्हता. वादळाच्या इशाऱ्यावर सही करताना ते दर वेळी म्हणायचे, "आमच्याकडे गुडघाभर पाण्याची एक नदी, तीही उन्हाळ्यात रजेवर जाते. आणि मी इथे समुद्राला परवानगी देतोय."

पहिल्या वर्षी तिघं एकमेकांकडे संशयाने बघायचे. आपला डबा आपल्या टेबलावर उघडायचा, आणि नोंदवहीत दुसऱ्याने लिहिलेला आकडा स्वतः उठून पुन्हा वाचून यायचा. दुसऱ्या वर्षी डबे एकत्र आले. तिसऱ्या वर्षी डोंगरकाकांना फुप्फुसाचा आजार झाला, तेव्हा बेटकाका रोज सकाळी त्यांच्या घरी जाऊन सही घेऊन यायचे आणि वर त्यांना काढा पाजून यायचे. बाबांचा चेहरा त्या दिवसांत वेगळाच दिसायचा. ते आईला म्हणायचे, "अगं, बाहेर राजधानीत काहीही होवो. आमच्या खोलीत संघराज्य झालंय."

राजधानीत मात्र रोज नवीन भांडण. सभागृह कुठे असावं, आधी कुणी बोलावं, झेंड्यावर कुठला रंग वर. या विषयावर मी पुढे पुष्कळ वाचलं. बाहेरच्यांनी बांधून दिलेली संघराज्यं का मोडतात याची कारणं पुस्तकांत शहाणपणाने मांडलेली असतात. मला पटलेलं कारण साधं आहे. आपण भांडून, रडून, तडजोड करून जी गोष्ट मिळवतो ती मोडताना माणूस दहा वेळा विचार करतो. आयती आलेली मोडताना प्रत्येकाला वाटतं, ही दुसऱ्याची होती. त्यात पाहुण्यांनी प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याला अडवायचा अडसर दिलेला. विश्वास नसेल तेव्हा उपयोगी पडावा म्हणून दिलेला. मग भांडायला बसल्यावर पहिला हात त्याच्यावरच जातो.

चौथ्या वर्षी पठाराचे प्रतिनिधी सभागृहातून उठून गेले. आठच दिवसांत पठाराच्या सरकारने आपल्या सगळ्या माणसांना कळवलं: कोणत्याही संघीय कागदावर सही करू नये. डोंगरकाका दुसऱ्या दिवसापासून कचेरीत आले नाहीत. कचेरीमागच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायचे, पण आले नाहीत. हवा स्वच्छ होती. दहा दिवस कुठल्याही इशाऱ्याची गरज पडली नाही.

अकराव्या दिवशी सकाळी मामा आमच्याकडे चहाला आला. मामा आईचा धाकटा भाऊ. बेटांवर जाणाऱ्या अकराच्या बोटीचा तो तांडेल. सुकाणू त्याच्या हातात. त्याला आईनेच वाढवलं होतं, कारण तो चार वर्षांचा असताना आजी गेली.

"काय दाजी, आज काय म्हणतेय वेधशाळा? का तिघांच्या सह्या झाल्याशिवाय वारा वाहतच नाही?"

"तुझ्यासारखे दोन प्रवासी असतील तर वाऱ्याची गरज काय?" बाबा म्हणाले. "तोंडाच्या वाफेवर चालेल बोट."

"ताई, बघ हं, तुझा नवरा सरकारी माणूस असून विनोद करायला लागला. पगार बंद झाला की काय?"

आईने त्याच्या डोक्यात टपली मारली आणि डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या. तो गेला. आम्हीही निघालो. आकाश निळं होतं, एक ढग नव्हता.

आठ वाजून दहा मिनिटांनी बेटावरच्या ठाण्याची तार आली. मग दूर समुद्रातल्या एका मालवाहू जहाजाचा संदेश. बेटकाकांनी सुपारी खाली ठेवली. बाबांनी नकाशा पसरला आणि पेन्सिलीने समभाररेषा काढायला घेतल्या. या रेषा जितक्या जवळ, तितका वारा जोराचा; मी चार वर्षं त्या पाहत होते. त्या इतक्या जवळजवळ आलेल्या कधी पाहिल्या नव्हत्या. साडेनऊला मी इशारा टंकित केला. बाबांनी सही केली, बेटकाकांनी केली. तिसरी ओळ मोकळी राहिली.

"जा," बाबा मला म्हणाले. "तुझं ऐकेल तो."

डोंगरकाका दाढी करून, बुटांच्या नाड्या बांधून खुर्चीत बसले होते. दहा दिवस ते रोज असेच कचेरीचे कपडे करून बसत असावेत. काकूंनी मला पाणी दिलं आणि त्या आत निघून गेल्या.

मी कागद पुढे केला. त्यांनी हात लावला नाही.

"पोरी, माझा मुलगा तिकडे नोकरीला आहे. सरकारी. तुझ्या काकूचे आईवडील तिकडे आहेत. मी इथे सही केली की ती सगळी फितुराची माणसं होतात. कळतंय तुला?"

"कळतंय काका."

"मग कशाला आलीस?"

मी कागद तसाच पुढे धरून ठेवला. मग त्यांनीच विचारलं, "भार किती आहे बेटावर?"

मी आकडा सांगितला. ते उठले, खिडकीपाशी गेले. निळं आकाश बघत बराच वेळ उभे राहिले.

"आणि सहा वाजता किती होता?"

तोही सांगितला; तेवढ्या वेळात भार फार उतरला होता. त्यांनी कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं.

"बाबांना सांग, माझी वाट बघू नका म्हणावं. दोन सह्यांवर चढवा बावटा. मोडा म्हणावं तो कायदा. मी कुणाला काही बोलणार नाही."

मी धावत परत आले आणि निरोप शब्दन् शब्द सांगितला. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. दहाला पाच कमी.

"थांबू या थोडं," ते म्हणाले.

"थांबू या?" बेटकाका उभे राहिले. "अहो, तो स्वतः सांगतोय मोडा म्हणून! या महिन्यात प्रमुख तुम्ही आहात. तारेची किल्ली तुमच्याकडे आहे. करा तार बंदराला!"

"आज मी दोन सह्यांवर बावटा चढवला, तर उद्या दुसरे प्रांतही दोन सह्यांवर चढवतील. परवा एकावर. मग राहिलं काय?"

"माणसं राहतील!"

"अजून एक तास आहे."

बेटकाका माझ्याकडे वळले. "तुला येते ना त्याची सही? चार वर्षं बघतेयस. कर."

येत होती. डोंगरकाकांची सही म्हणजे एक मोठा फाटा आणि त्याखाली दोन ठिपके; शाळकरी पोरालाही जमली असती. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. नाही. त्यांनी मला अडवलं हे खरं आहे, पण माझा हात त्यांनी धरला नव्हता. मी सव्वीस वर्षांची होते आणि पेन माझ्यासमोर होतं.

"निदान मामाला तरी सांगू या," मी म्हणाले. "मी बंदरावर जाते."

"आपल्या माणसाला तेवढं सांगायचं? आणि बाकीच्यांच्या बोटी?" बाबांचा आवाज अगदी हळू होता. "सांगायचं तर सगळ्यांना सांगायचं. थांब. अर्धा तास थांब."

साडेदहाला बेटकाकांनी दोन सह्यांचा कागद टेबलावरून उचलला आणि ते अनवाणीच निघाले. टेबलाखाली काढून ठेवलेल्या चपला तिथेच राहिल्या. बंदर वीस मिनिटांवर होतं.

तिथे जे झालं ते आम्हाला मागाहून धक्क्यावरच्या एका हमालाने सांगितलं. बंदर-अधिकाऱ्याने कागद उलटसुलट केला आणि म्हणाला, "साहेब, दोन सह्यांचा कागद माझ्या लेखी कोरा. माझी नोकरी घालवताय का?" बेटकाका धक्क्यावर धावले. बोटीचे दोर सुटत होते. ते खालून ओरडले, "बोट काढू नको! वादळ आहे!"

मामाने वर बघितलं. निळं आकाश. गेल्याच महिन्यात बेटांच्या पुढाऱ्यांनी किनाऱ्याच्या बोटींवर बहिष्कार घालायची धमकी दिली होती. बेटांना स्वतःच्या बोटी सुरू करायच्या होत्या. मामा म्हणाला, "काका, तुम्ही बेटवाले. तुम्हाला आमची बोट नकोच आहे. आमच्या दाजींनी सांगितलं असतं तर थांबलो असतो."

आणि त्याने भोंगा दिला. बोटीत चौतीस माणसं होती.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी डोंगरकाका कचेरीत आले. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. स्वतःच्या टेबलाशी बसले, नव्या कागदावर मी पुन्हा टंकित केलेला इशारा ओढून घेतला आणि सही केली. फाटा, दोन ठिपके. बेटकाका नुकतेच परतले होते. त्यांचे पाय धुळीने भरले होते. त्यांनीही सही केली. बाबांनी केली. पाच मिनिटांत तार गेली आणि बाराच्या आत बावटा चढला. दुपारच्या दोन बोटी थांबल्या, त्यातली माणसं वाचली. त्यांतली काही आजही असतील, आणि त्यांना काहीच माहीत नसेल.

साडेबाराला वारा आला.

बोट सापडली नाही. तिच्या फळ्या चौथ्या दिवशी बेटांच्या उत्तरेला लागल्या. मामाला आईने शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी, डबा हातात देताना.

चौकशी समिती नेमली गेली. समितीत तिन्ही प्रांतांचे सभासद होते, आणि कामकाज कुठे चालवायचं हे ठरवण्यातच तिचा वेळ गेला. अकरा आठवड्यांनी संघराज्य मोडलं. बाबांनी जे मोडू नये म्हणून ती सकाळ घालवली, ते त्यानंतर सत्त्याहत्तर दिवस जगलं. मग वाटणी सुरू झाली. टेबलं तीन होती, ती सहज वाटली गेली. वायुभारमापक एकच होता. तो कुणी न्यायचा यावर सात बैठका झाल्या. चौकशीच्या कागदपत्रांच्या तीन प्रती निघाल्या, आणि तिन्ही प्रांतांत दोषी वेगवेगळा ठरला.

बेटकाका गेले ते निरोप न घेता. डोंगरकाकांना सही केल्याबद्दल तिकडे नोकरीतून काढलं, मुलालाही काढलं. पुढे सरहद्द झाली. त्यांचं एक पोस्टकार्ड आलं होतं, त्यात पत्ता नव्हता. प्रकृतीची चौकशी आणि माझ्या लग्नाबद्दल आशीर्वाद, एवढंच.

हमालाने मामाचं वाक्य आमच्या दारात उभं राहून सांगितलं, तेव्हा आई आत होती. तिने ऐकलं. "आमच्या दाजींनी सांगितलं असतं तर थांबलो असतो." त्या दिवसापासून ती बाबांशी भांडली नाही, अबोलाही धरला नाही. वाढणं, औषधं, आल्यागेल्याचं, सगळं केलं. फक्त हवेबद्दल तिने त्यांना पुन्हा कधीच काही विचारलं नाही. कपडे वाळत घालायचे असले की गॅलरीत जाऊन स्वतः आकाश बघायची. बाबा आत बसलेले असायचे, ऐकू येईल इतक्या अंतरावर. कधी ते आपणहून म्हणायचे, "संध्याकाळी येईल बहुतेक." ती "बरं" म्हणायची आणि तरीही बघून यायची. असं सदतीस वर्षं.

मीही त्यांना विचारलं नाही. माझी समजूत पक्की होती: बाबांनी कायद्यासाठी माणूस दिला. या समजुतीला आधार म्हणून मी पुस्तकंही गोळा केली. संस्था वाचवणारे, नियमासाठी रक्ताचं पाणी करणारे, आणि नियमाखाली दुसऱ्यांना चिरडणारे लोक जगात किती आहेत ते मला पाठ होतं. बाबांना मी त्या यादीत बसवलं होतं, आदराने.

गेल्या वर्षी त्यांना इस्पितळात ठेवलं होतं. वय नव्वद, पण बुद्धी शाबूत. एका दुपारी मी त्यांची नखं कापत होते. समोरच्या खाटेवरचा म्हातारा झोपला होता. मला स्वतःलाही कळायच्या आत मी विचारलं.

"बाबा, त्या दिवशी... कायदा इतका मोठा होता?"

कुठला दिवस, असं त्यांनी विचारलं नाही.

"कायदा?" ते म्हणाले. "कसला कायदा! तो कायदा गाढवाच्या शेपटीला बांधायच्या लायकीचा होता. आम्ही तिघंही रोज म्हणायचो."

"मग तुम्ही तेव्हा म्हणालात की..."

"म्हणालो. काहीतरी म्हणायला हवं होतं." ते आपल्या कापलेल्या नखांकडे बघत राहिले. "मला माहीत होतं तो येणार. तू निरोप घेऊन आलीस ना, माझी वाट बघू नका म्हणून? वाट बघू नका म्हणणारा माणूस निघालेला असतो गं. मी दोन सह्यांवर तार केली असती, आणि तो जिना उतरून आला असता, तर? त्याने तिकडचं सगळं सोडून यायचं, आणि इथे बघायचं की आपल्यावाचून यांचं भागलं. मग तो पठाराचा झाला असता. कायमचा. मला वाटलं, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

"आणि मामा?"

त्यांनी आपला हात माझ्या हातातून सोडवून चादरीवर ठेवला.

"बोट कधीमधी दहापंधरा मिनिटं उशिरा सुटायची," ते म्हणाले. "त्या दिवशी वेळेवर सुटली."

मी दुसरा हात हातात घेतला.

"तो आला ना पण," बाबा म्हणाले. "आला की नाही? तू होतीस."

"आला, बाबा."

त्यांनी डोळे मिटले. मी उरलेली नखं कापली, चादर झटकली. मग बाहेर बाकावर जाऊन बसले. घरी जाऊन हे कुणाला सांगावं असा विचार मनात आला, आणि फक्त आईच आठवली. तिला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.